दुसरा प्रहर आणि चौथा प्रहर

लेखक कल्पनेवर जगतो आणि गणिती किंवा वकील तर्कावर, ही जी विभागणी सर्वसामान्य वाचकाच्या मनात घर करून बसली आहे, तिला गेल्या काही दशकांत मेंदूच्या डाव्या-उजव्या गोलार्धांचा आधार मिळाल्यासारखे झाले. दोन्ही गोलार्धांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा छेदलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी केलेल्या संशोधनाला १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, आणि भाषेसारखी काही कामे एका बाजूला अधिक चालतात या मर्यादित निष्कर्षातून पुढे लोकप्रिय पुस्तकांनी ‘डाव्या मेंदूची’ व ‘उजव्या मेंदूची’ माणसे निर्माण केली. २०१३ मध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी हजाराहून अधिक व्यक्तींच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा अशा दोन जातीची माणसे काही त्यांना सापडली नाहीत.

माणसांची ही वाटणी फोल ठरली, तरी विचाराच्या दोन रीतींमधला फरक मात्र खरा आहे. जे. पी. गिलफर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने फाकत जाणारा विचार आणि एकवटत जाणारा विचार असा भेद केला. विटेचे किती उपयोग सुचतात असे विचारल्यावर मन चहूकडे धावते तो पहिला प्रकार, आणि दिलेल्या माहितीवरून एकच बरोबर उत्तर गाठायचे असते तो दुसरा. लेखनात या दोहोंची गरज पडते हे कोणीही मान्य करील; पण पहिल्याला वाव द्यायचा तर दुसऱ्याला काही काळ गप्प बसवावे लागते, म्हणून लेखकापुढचा खरा प्रश्न या दोहोंपैकी कोणाला केव्हा बोलावायचे हा असतो.

या प्रश्नाचे सर्वांत व्यवहारी उत्तर सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या संस्कृत ग्रंथात दिले. कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयाला असलेला हा कवी आपल्या अकालजलद नावाच्या पणजोबांना महाराष्ट्राचा चूडामणी म्हणवतो, त्यामुळे मराठी वाचकाला त्याच्याविषयी थोडी आपुलकी वाटण्यास हरकत नाही. त्याचा ग्रंथ अठरा अधिकरणांचा व्हायचा होता; हाती आले ते पहिलेच, आणि १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून ते छापले गेले. प्रतिभा, म्हणजे नवे सुचण्याची शक्ती, श्रेष्ठ की व्युत्पत्ती, म्हणजे अभ्यासाने आलेली जाण श्रेष्ठ, हा वाद त्याच्या आधीपासून चालत आलेला होता. आनंदवर्धनाने प्रतिभेला झुकते माप दिले होते, तर मंगल नावाच्या आचार्याने व्युत्पत्तीला. राजशेखराला दोन्ही एकत्र हव्या होत्या. व्युत्पत्ती म्हणजे पुष्कळ विषयांची माहिती, हा रूढ अर्थही त्याने बाजूला सारला आणि योग्य काय व अयोग्य काय हे निवडण्याचा विवेक असा तिचा अर्थ लावला. प्रतिभेच्या जोडीला त्याने बसवली ती अशी निवड करणारी बुद्धी होय.

तत्त्वचर्चा करून तो थांबत नाही, तर कवीची दिनचर्याच आखून देतो. दिवसाचे चार प्रहर, म्हणजे प्रत्येकी साधारण तीन तास, त्याने असे वाटले आहेत की पहिल्यात शास्त्रांचा अभ्यास, दुसऱ्यात रचना, भोजनानंतर तिसऱ्यात जाणकारांशी काव्यगोष्टी, आणि चौथ्यात एकट्याने किंवा मोजक्या माणसांसोबत सकाळच्या रचनेची परीक्षा करायची. मधला तिसरा प्रहर गप्पांत घालवण्याची मुभा उदार वाटेल, पण लिहिणे आणि तपासणे यांत अंतर पडावे ही सोय तिच्यात आपोआप साधते. तपासणी लगेच का करू नये याचे कारणही तो देतो: रसाच्या भरात लिहिणाऱ्याजवळ त्या वेळी पारखणारी दृष्टी नसते.

चौथ्या प्रहराची कामे चार. अधिक असेल ते काढावे, उणे असेल ते भरावे, चुकीच्या जागी असेल ते हलवावे आणि विसरले असेल त्याचा माग काढावा. एखाद्या कथेत ‘पावसाने भिजलेल्या ओल्या अंगणात म्हातारी एकटीच, कोणाच्याही सोबतीशिवाय, बसली होती’ असे वाक्य सकाळी उतरले आहे असे धरू. भिजलेले अंगण ओलेच असते आणि एकटीला सोबत नसतेच, म्हणून दोन तुकडे गळतात. अंगण भिजलेले असताना ती कशावर बसली हे वाक्य सांगत नाही, म्हणून एक पाट येतो. म्हातारी शेवटी दिसावी की आधी, यावर वाक्याचा सगळा भार ठरतो, म्हणून शब्द हलतात, आणि ‘पावसाने भिजलेल्या अंगणात पाट टाकून एकटीच बसली होती म्हातारी’ असे काहीसे उरते. चौथे काम सर्वांत अवघड असते, कारण दोन पानांमागे त्याच दिवशी अंगणात पापड वाळत घातल्याचे लेखक विसरलेला असतो आणि वाचक मात्र विसरलेला नसतो. पाट सुचणे ही कल्पनेची करामत, पण पाट हवा हे तर्काने सांगितले.

आपल्या लेखनात यांपैकी एकच गोष्ट होती असे सांगणाऱ्या लेखकांकडे म्हणूनच थोड्या संशयाने पाहावे लागते. एडगर ॲलन पो यांनी १८४६ च्या निबंधात आपली ‘द रेव्हन’ ही कविता जणू गणितासारखी सोडवली असे लिहिले: आधी सुमारे शंभर ओळींची लांबी, मग परिणाम, मग पालुपद, आणि ते पालुपद बोलायला प्रथम पोपट व नंतर डोमकावळा. उलट कोलरिज यांनी १८१६ मध्ये ‘कुब्ला खान’ छापताना ती स्वप्नात आयती मिळाल्याचे सांगितले, पण तिची उपलब्ध हस्तलिखित प्रत छापील कवितेशी शब्दाशब्दाला जुळत नाही. एकाने दुसरा प्रहर लपवला आणि दुसऱ्याने चौथा, असे म्हणता येईल.

मराठीत माधव जूलियन यांनी असे काही लपवले नाही. माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९) यांचे ‘विरहतरंग’ हे प्रेमकाव्य १९२६ चे आणि वृत्ते, जाती व छंद यांची मात्रामात्रांनी छाननी करणारी ‘छंदोरचना’ १९२७ ची. म्हणजे विरह आणि लघुगुरूंचा हिशोब एकाच टेबलावर शेजारी होते. फारसीचे हे अभ्यासक गझल मराठीत रुजवू पाहत होते, आणि गझलेत तर हा शेजार सक्तीचाच असतो, कारण दुसरी ओळ काफियाच्या यमकाशी आणि रदीफ या पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दाशी बांधलेली असल्यामुळे कल्पनेला तेथवर पोचण्याची वाट हुडकावी लागते, आणि ती हुडकताना एरवी सुचलेच नसते असे काही हाती लागते. छंदशास्त्र काव्याला मारते म्हणणाऱ्यांनी ही दोन पुस्तके एकत्र वाचलेली दिसत नाहीत.

राजशेखराचा कवी परीक्षा झालेले काव्य संध्याकाळनंतर लिहून काढतो, रात्रीचे मधले दोन प्रहर चांगली झोप घेतो आणि शेवटच्या प्रहरी निश्चयाने उठतो, कारण त्या शांत वेळी मनाला अर्थ स्वच्छ दिसू लागतात. विश्रांतीनंतर अचानक सुचण्याच्या या अवस्थेला पाश्चात्त्य विचारवंत ग्रॅहम वॉलस यांनीही १९२६ मध्ये आपल्या पुस्तकात स्थान दिले. फळा आणि खडू, दौत आणि लेखणी, ताडपत्रे वा भूर्जपत्रे कवीच्या हाताशी सदैव असावीत असे राजशेखर बजावतो. आणि यांपैकी काहीच चटकन मिळाले नाही तर पंचाईत नको, म्हणून की काय, त्या यादीत त्याने गुळगुळीत घोटलेल्या भिंतीही घातल्या आहेत.