शरद ऋतूतील नदी-मासेमारी
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसिसिपी, ओहायओ, टेनेसी इ. नद्यांत सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये बॅस, मार्जारमीन व क्रॅपी या माशांसाठी केली जाणारी गळाची मासेमारी. बॅस (प्रजाती मायक्रॉप्टेरस) व क्रॅपी (पोमॉक्सिस) सेंट्रार्किडी या एकाच कुलातील असून मार्जारमिनांचे कुल (इक्टॅल्युरिडी) वेगळे आहे.

उन्हाळ्यात तापलेले पाणी निवू लागले, की शॅड या हेरिंगसदृश लहान माशांचे थवे मुख्य प्रवाहातून उपनद्यांच्या मुखांकडे व संथ फाट्यांकडे सरकतात आणि बॅस त्यांच्या मागोमाग येतात. म्हणून अनुभवी मासेमार प्रथम शॅडचा शोध घेतो. बॅस मुख्यतः नजरेने भक्ष्य टिपत असल्यामुळे चकाकते कृत्रिम आमिष त्याला भुलविते. मार्जारमिनाच्या स्पृशांवर व सर्वांगाच्या त्वचेवर रुचिकलिका असतात. त्यामुळे गढूळ पाण्यात, रात्रीसुद्धा, त्याला शॅडचे तुकडे सापडतात. चपट्या डोक्याची जाती मात्र जिवंत भक्ष्यच पसंत करते. क्रॅपी बुडालेल्या झाडाझुडपांभोवती थव्याने राहतो. त्याच्या तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते व जोराचा हिसका दिल्यास ती फाटून मासा निसटतो.

थंडी वाढल्यावर मार्जारमीन खोल डोहांत एकत्र येऊन सुस्तावतात. अशा वेळी एकाच डोहातून बेसुमार मासे, विशेषतः मोठ्या माद्या, काढल्यास ती हानी भरून येण्यास अनेक वर्षे लागतात. परवाना, किमान लांबी व दैनिक मर्यादा यांचे नियम राज्यपरत्वे निरनिराळे आहेत. मासेमारीच्या साधनांवरील उत्पादनशुल्क १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्यान्वये राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी दिले जाते.