तीस तोफा आणि चहाच्या पेट्या

मालवाहू जहाजावर चीफ ऑफिसर असताना माल कुठे, कसा भरायचा हे ठरवणं माझं काम होतं. त्यामुळे जुन्या सशस्त्र व्यापारी जहाजांचा विषय निघाला, की लोक तोफा मोजतात आणि मी त्यांच्या पोटात काय होतं ते शोधतो. स्वीडनचं ‘गोथेबोर्ग’ हे त्यातलं माझं फार आवडतं जहाज.

स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीसाठी ते 1738 साली स्टॉकहोममध्ये बांधलं गेलं. त्यावरच्या सुमारे 30 तोफा चाच्यांना आणि शत्रूच्या जहाजांना दूर ठेवण्यासाठी होत्या. कमाई होती ती चीनच्या कॅंटन बंदरातल्या चहात, चिनी मातीच्या भांड्यांत आणि रेशमात. चिनी व्यापाऱ्यांना मात्र युरोपच्या मालापेक्षा चांदी हवी असे. म्हणून कंपनीची जहाजं आधी स्पेनमधल्या कादिझला जात आणि स्वीडनचं लोखंड, लाकूड, डांबर विकून स्पॅनिश चांदीची नाणी घेत. मग आफ्रिकेला वळसा घालून जावा बेट, आणि तिथून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर चीन. ज्या मोसमात आपल्या कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तोच मोसम दक्षिण चीन समुद्रात शिडं भरून देत असे.

वारा चुकला की वर्ष गेलं. तिसऱ्या सफरीवर मार्च 1743 मध्ये निघालेलं ‘गोथेबोर्ग’ असंच जावात अडकलं आणि सप्टेंबर 1744 मध्ये कॅंटनला पोहोचलं.

परतीचा माल होता सुमारे 700 टन. चिनी मातीची भांडी तळाशी रचत; ती जड असल्यामुळे जहाज डोलत नाही आणि पाणी लागून ती बिघडतही नाहीत. चहा वर, कोरड्या जागेत, कारण तो ओल आणि वास दोन्ही चटकन धरतो. सुमारे 370 टन चहा आणि भांड्यांचे जवळपास पाच लाख नग अशा हिशेबाने बसवले होते.

12 सप्टेंबर 1745 रोजी गोथेनबर्ग बंदर अगदी समोर असताना, स्थानिक पायलट जहाजावर असूनही, ते खडकावर आदळून बुडालं. सगळी माणसं वाचली. जेमतेम एक तृतीयांश माल बाहेर काढता आला, तरी तो विकून सफरीचा खर्च निघाला आणि वर नफाही उरला. या व्यापारात पैसा किती होता, हे यावरून समजतं.

1986 पासून पाणबुड्यांनी तो ढिगारा उकरला. फुटक्या तुकड्यांच्या राशींत सुमारे 400 नग अखंड निघाले. अडीचशे वर्षं समुद्रात राहून जे टिकलं, त्यात ते बांधणाऱ्या आणि रचणाऱ्या हातांचाही वाटा आहे. कंपनीचं आणि कप्तानाचं नाव इतिहासात राहिलं, त्या हमालांचं आणि खलाशांचं राहिलं नाही. आशियाशी झालेला हा व्यापार सांगताना त्यांचं कौशल्य तोफांच्या आधी सांगितलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.