चकली, केक आणि चौदा आकडी क्रमांक

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. ‘लिज्जत’ची ही गोष्ट आपल्याकडे जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण घरात केलेला पदार्थ बाजारात विकायचा तर त्यावर देखरेख कशी ठेवायची, या प्रश्नाचे आपल्याकडचे पहिले मोठे उत्तरही त्याच कामातून तयार झाले, याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. लिज्जतमध्ये पीठ घरोघरी भिजवले जात नाही. उडदाचे पीठ, मिरी, हिंग, मीठ, पापडखार यांचे प्रमाण शाखेत ठरते आणि पीठही तिथेच मळून तयार होते. संस्थेच्या सदस्य बायका, म्हणजे ‘भगिनी’, सकाळी वजन करून पीठ घेऊन जातात, घरी लाटतात, वाळवतात आणि वाळलेले पापड परत आणून देतात. तिथे पुन्हा वजन होते, पापड तपासला जातो आणि मग मजुरी हातात पडते. नव्या भगिनीला काम देण्याआधी तिच्या घरी पापड लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हे पाहिले जाते. जिथे चूक झाली तर सगळा माल बिघडेल, तो टप्पा संस्थेने स्वतःच्या नजरेखाली ठेवला आणि जिथे फक्त हातांचे कौशल्य लागते, तो टप्पा घरांवर सोपवला. पदार्थ कुठे बिघडू शकतो, हे ओळखून देखरेख त्या जागी नेली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत सरकारने घरगुती खाद्यपदार्थांसाठी जे काही केले, त्यात नेमकी हीच गोष्ट कमी पडली, असे माझे मत आहे.

त्या काळात सरकारच्या हातात असलेला मुख्य कायदा होता १९५४ चा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा. त्याच्या नावातच त्याचा स्वभाव कळतो. दुधात पाणी, तुपात वनस्पती, हळदीत रंग अशी फसवणूक पकडून शिक्षा करणे, हे त्याचे काम. नमुना प्रमाणात बसला नाही की विक्रेता दोषी. मालात काय होते हे मला ठाऊक नव्हते, असा बचाव चालत नसे. स्वातंत्र्यानंतरच्या टंचाईच्या वर्षांत अशा कडकपणाची गरज होती, यात वाद नाही. त्याच्या जोडीला १९५५ चा फळप्रक्रिया आदेश होता. मुरांबे, सरबते, लोणची बनवून विकणाऱ्याला त्याखाली परवाना घ्यावा लागे आणि बाटलीवर ‘एफपीओ’चे चिन्ह छापावे लागे. दोन्ही कायद्यांच्या नजरेसमोर दुकानदार होता, कारखानदार होता, गवळी होता. स्वयंपाकघरातून विकणारी बाई त्यांना दिसतच नव्हती.

ती नव्हती असे मुळीच नाही. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांची जेवणे पिढ्यान्‌पिढ्या खाणावळवाल्या बायकांनी सांभाळली. दहा बाय दहाच्या खोलीत रॉकेलच्या स्टोव्हवर दोन पाळ्यांचा स्वयंपाक होई आणि पैसे महिन्याच्या पगाराला मिळत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा पहिली लढाई बँकेच्या कर्जाची होती, कारण सावकाराचे व्याज त्यांची सगळी कमाई खात होते. त्यांच्या भांड्यांची, पाण्याची, डब्यांची चौकशी करायला अन्न निरीक्षक सहसा येत नसे आणि तशी अपेक्षाही कुणाची नव्हती. जेवणारा माणूस रोज त्याच खोलीत, त्याच पाटावर बसत होता. अन्न वाईट निघाले तर तो दुसऱ्या दिवशी दुसरी खाणावळ पाहत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांबरोबर ही व्यवस्थाही विरत गेली. पुढे मुंबई-पुण्यात पोळी-भाजी केंद्रे, बचत गटांचे मसाले, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी वाढल्या. गिऱ्हाईक मात्र आता पाटावर बसणारे राहिले नाही. ते पाकीट उचलून घरी नेणारे झाले.

२००६ मध्ये अन्न सुरक्षा व मानके कायदा संमत झाला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून नियमांसह अमलात आला. भेसळ प्रतिबंधक कायदा, फळप्रक्रिया आदेश आणि आणखी काही जुने आदेश त्याने रद्द करून एका छताखाली आणले. या कायद्याने पहिल्यांदाच लहान माणसाची स्वतंत्र दखल घेतली, याचे श्रेय त्याला मनापासून दिले पाहिजे. कलम ३१ च्या दुसऱ्या पोटकलमात स्वतः पदार्थ बनवून विकणारे, फेरीवाले, कुटीरोद्योग यांना परवान्यातून सूट मिळाली. त्यांनी फक्त नोंदणी करायची. २०११ च्या नियमांनी या लहानपणाची व्याख्या केली. वार्षिक उलाढाल १२ लाखांपर्यंत, उत्पादन दिवसाला १०० किलो किंवा लिटरपर्यंत. फी वर्षाला १०० रुपये, सोबत फोटो आणि ओळखपत्र. अर्जावर सात दिवसांत काहीच कळवले नाही, तर विक्री सुरू करण्याची मुभासुद्धा नियमांतच होती. नोंदणी झाली की चौदा आकडी क्रमांक मिळतो आणि तो पाकिटावर छापायचा असतो. जुन्या व्यावसायिकांना नव्या व्यवस्थेत येण्यासाठी दिलेली एका वर्षाची मुदत वारंवार वाढवत २०१६ पर्यंत नेली गेली. याचा अर्थ पाच वर्षे जुन्या विक्रेत्यांवर नव्या व्यवस्थेत येण्याची सक्ती झालीच नाही.

मोजमाप चुकले ते इथे. १२ लाख आणि १०० किलो हे धंद्याच्या आकाराचे आकडे आहेत, पदार्थाच्या जोखमीचे नव्हेत. तळून निथळलेली चकली घ्या. भाजणीची उकड काढून मळली, सोऱ्यातून पाडली, मंद आचेवर तळली की तिच्यातले पाणी जवळजवळ सगळे उडून जाते. पाणी नसले की जिवाणू वाढू शकत नाहीत. हवाबंद डब्यात ती महिनाभर राहते. पुढे खवट होते, मऊ पडते, पण खवट चकलीने सहसा कुणी रुग्णालयात जात नाही. तीच गोष्ट चिवड्याची, शंकरपाळ्यांची, लसणाच्या सुक्या चटणीची, पापडाची. आता त्याच घरात होणारा क्रीम केक पाहा. दूध, अंडे, साखर, साय. त्यात ओलावा भरपूर. पाच ते साठ अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात आणि मे महिन्यातली ठाण्याची किंवा नागपूरची दुपार या पट्ट्याच्या मधोमध असते. केक घरच्या फ्रिजमध्ये, भाजीच्या आणि कच्च्या मटणाच्या शेजारी राहिला, मग खोक्यात बसून दुचाकीवरून चाळीस मिनिटे उन्हात फिरला, तर बाई कितीही स्वच्छ असो, धोका उभा राहतोच. भाताच्या डब्यालाही हेच लागू आहे. शिजवून तासन्‌तास बाहेर ठेवलेल्या भातात असे जिवाणू वाढतात, ज्यांचे विष पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही. आणि तरीही वर्षाला दोन लाखांच्या चकल्या विकणारी आणि दोन लाखांचे क्रीम केक विकणारी, या दोघी कायद्याच्या दारात एकाच रांगेत उभ्या आहेत. दोघींना तोच अर्ज, तीच फी, तोच चौदा आकडी क्रमांक.

यात एक कबुली द्यायला हवी. कोरडा पदार्थ म्हणजे निर्धोक पदार्थ, असे म्हणता येत नाही. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतले विष तळूनही पुरते जात नाही. बुंदीत कुठला रंग पडला, मिरची कुठे दळली, हे प्रश्न कोरड्या पदार्थांनाही आहेत. पण हे धोके कच्च्या मालातून येतात. त्यांची तपासणी घाऊक बाजारात आणि गिरणीवर व्हायला हवी. शंभर चकलीवाल्यांच्या ओट्यांवर ते सापडणार नाहीत.

२०१८ मध्ये चित्र पालटले. घरपोच अन्न पोहोचवणाऱ्या मोबाइल ॲपवर नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांना जागा देऊ नये, असा आदेश केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने काढला आणि त्या वर्षी दहा हजारांहून अधिक विक्रेते या ॲपवरून उतरवले गेले. दीड-दोन वर्षांनी टाळेबंदी आली. नोकऱ्या गेल्या, ओव्हन घरात आले, आणि गल्लोगल्ली घरगुती बेकऱ्या सुरू झाल्या. केंद्राने जून २०२० मध्ये सूक्ष्म खाद्यप्रक्रिया उद्योगांसाठी १० हजार कोटींची योजना जाहीर केली. त्यात यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान होते. त्याच सुमारास बायकांच्या व्हॉट्सॲप गटांतून एक वाक्य फिरू लागले : नोंदणी नसेल तर सहा महिने कैद आणि पाच लाख दंड. कलम ६३ मध्ये तेव्हा ही शिक्षा होती, हे खरे. पण त्याच कलमात कंसात असेही लिहिले होते की, कलम ३१ च्या दुसऱ्या पोटकलमाने ज्यांना परवान्यातून सूट आहे, त्यांना हे लागू नाही. संसदेने लहान विक्रेत्याला मुद्दाम दिलेले हे संरक्षण भीतीच्या निरोपांत गळून पडले. सरकारी जाहिरातींनी ते मोठ्या अक्षरांत सांगितले असते, तर अनेक जणी लपून विकण्याऐवजी नाव नोंदवायला पुढे आल्या असत्या. केकमध्ये अंडे असेल तर मांसाहारी पदार्थाची तपकिरी खूण लागते, ही साधी गोष्टही कित्येक नव्या बेकर्सना गिऱ्हाइकाच्या तक्रारीनंतरच कळली.

पहिला आक्षेप असा येतो की, घरगुती पदार्थ हा विश्वासाचा व्यवहार आहे, त्यात सरकार हवेच कशाला? खाणावळीच्या काळात याला वजन होते. आज केक करणारी डोंबिवलीत, मागवणारा पवईत आणि पोहोचवणारा तिसराच. चेहरा दिसत नसेल तर पाकिटावर नाव, तारीख आणि क्रमांक हवाच. दुसरा आक्षेप बेकरीवाल्यांचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. गाळ्याचे भाडे, व्यावसायिक दराची वीज, कामगारांचा पगार आम्ही भरतो आणि घरातून विकणारी यातून मोकळी, हे कसे? याला उत्तर मर्यादेचे आहे. घराच्या ओव्हनमध्ये होणाऱ्या मालाला एक नैसर्गिक छत असते. ते ओलांडले की गाळा घ्यावाच लागतो आणि तिथे परवान्याचे पूर्ण नियम लागू व्हावेत. पण स्वच्छता आणि तापमान यांच्या बाबतीत बेकरीवाल्याचे म्हणणे बरोबर आहे. क्रीम दुकानातले असो वा घरातले, ते सारख्याच वेगाने नासते. तिसरा आक्षेप खासगीपणाचा : निरीक्षक कुणाच्या घरात शिरणार? नियमांप्रमाणे नोंदणीकृत जागेची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हायला हवी, पण एवढ्या घरांपर्यंत पोहोचण्याइतके मनुष्यबळ कुठल्याच राज्याकडे नाही. सगळीकडे जायचे ठरवले की कुठेच नीट जाता येत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने यातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. तिथला घरगुती खाद्यपदार्थ कायदा २०१२ मध्ये झाला आणि जानेवारी २०१३ पासून लागू झाला. त्याने आधी पदार्थांची यादी केली. पाव, सुके मसाले, जॅम, कुकीज अशा साध्या तापमानाला टिकणाऱ्या पदार्थांना घरातून विक्रीची परवानगी दिली. क्रीम आणि कस्टर्ड भरलेले पदार्थ बाहेर ठेवले. थेट गिऱ्हाइकाला विकणाऱ्याने स्वच्छतेची यादी स्वतः भरून द्यायची. दुकानांमार्फत विकणाऱ्याच्या स्वयंपाकघराची मात्र तपासणी होते. पाकिटावर ‘घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले’ असे छापावे लागते. उलाढालीची मर्यादा तिथेही आहे, पण ती पदार्थाच्या यादीनंतर येते. त्यांची यादी आपल्याला जशीच्या तशी चालणार नाही. क्रीम केकला बंदी घालणे मला मान्य नाही, कारण आज त्यावर असंख्य घरे चालतात. पण पदार्थापासून सुरुवात करण्याची रीत आपण घ्यायला हवी. आणि ती आपल्याला परकी नाही, लिज्जतच्या शाखेत ती सहा दशके चालत आली आहे.

लिज्जतमागे संस्था आहे, एकट्या बाईमागे कोण, हा प्रश्न खरा आहे. बचत गटांचे प्रभाग संघ आज गावोगाव आहेत. मसाल्याचा कच्चा माल एकत्र घेणे, एकदाच प्रयोगशाळेत तपासून घेणे, पाकिटे एकत्र छापून घेणे हे त्यांच्या आवाक्यातले आहे. शहरातल्या एकट्या बेकरसाठी अन्न व औषध प्रशासनाने अर्ध्या दिवसाचे मराठी प्रशिक्षण वॉर्ड कार्यालयात ठेवावे : क्रीमसाठी वेगळा फ्रिज किंवा निदान वेगळा बंद कप्पा, फ्रिजमध्ये लावलेला थर्मामीटर, पोहोचवताना बर्फाची पिशवी, खोक्यावर बनवल्याची वेळ. चकली, चिवडा, लाडू, पापड, सुक्या चटण्या करणाऱ्यांना स्वतः भरलेल्या घोषणापत्रावर नोंदणी द्यावी आणि त्यांच्या दारात निरीक्षक पाठवू नये, तक्रार आली तरच पाठवावा. क्रीम, पनीर, मासे-मटण आणि शिजवलेल्या जेवणाचे डबे विकणाऱ्यांकडे मात्र पहिल्या वर्षी एकदा जरूर जावे, आणि तिथे गेल्यावर आधी फ्रिज उघडून तापमान पाहावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. नोंदणीच्या अर्जात पदार्थाचा प्रकार आजही लिहून घेतला जातो. त्या रकान्यानुसार तपासणीची यादी लावण्याचे काम तेवढे बाकी आहे. अन्न व औषध प्रशासनाने ते या दिवाळीच्या आधी हाती घ्यावे.