तलवारीत उतरलेली देवी

तुळजाभवानीने प्रसन्न होऊन शिवाजी महाराजांच्या हाती तलवार ठेवली, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. परंतु पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९२७ मध्ये स. म. दिवेकर यांनी संपादित केलेले कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ प्रसिद्ध केले, तेव्हा या श्रद्धेचे अधिक जुने रूप अभ्यासकांसमोर आले. महाराजांच्या हयातीत रचलेल्या या संस्कृत काव्यात अफझलखानाच्या भेटीपूर्वी, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ च्या प्रसंगाआधी, देवी दर्शन देते आणि आपण स्वतःच महाराजांच्या तलवारीच्या रूपाने सिद्ध आहोत, असे अभय देते. येथे शस्त्र महाराजांचेच आहे, देवी त्यात उतरते, आणि हा भेद मुळीच किरकोळ नाही.

देवतेने एखाद्या वस्तूत वास करणे याला अधिष्ठान म्हणतात. खंडेनवमीला, म्हणजे आश्विन शुद्ध नवमीला, शस्त्रे पुसून, पाटावर मांडून, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहून त्यांची पूजा होते, ती याच भावनेने. पुण्याच्या पेठांतील छापखान्यांत आणि कारखान्यांत यंत्रांना जे हार चढतात, त्यांचेही मूळ तेच आहे. परमानंदांची देवी या आचाराला परकी नाही. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासदाच्या बखरीतही देवी पाठीशी उभी राहते, पण तेथे खानावर चालतात ती वाघनखे आणि बिचवा. यावरून श्रद्धेचे केंद्र देवी होती, अमुक एक हत्यार नव्हे, असेच मानावे लागते.

इंग्लंडमधील फ्रान्सिस ड्रेकच्या ढोलाची कथा या दृष्टीने तुलनेला घेण्याजोगी आहे. हा दर्यावर्दी १५९६ मध्ये वारला. देश संकटात असता ढोल वाजवला की तो परत येईल, ही समजूत हेन्री न्यूबोल्ट यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कवितेमुळे सर्वदूर पसरली, आणि पहिल्या महायुद्धात तो ढोल आपोआप वाजल्याचे सांगितले जाऊ लागले. तेथे वस्तू मृत वीराला हाक मारते, येथे देवी जिवंत वीराच्या हाताला बळ देते.

राज्य गेल्यावर मात्र सारी निष्ठा त्या एका पात्यावर एकवटली. प्रिन्स ऑफ वेल्सच्या १८७५-७६ च्या हिंदुस्थान दौऱ्यात कोल्हापूर दरबाराकडून त्याला दिलेली तलवार पुढे भवानी मानली गेली आणि १९८० च्या सुमारास मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी ती परत आणण्याचा निर्धार जाहीर केला, तेव्हा महाराष्ट्र भारावून गेला. तथापि त्या तलवारीची परंपरागत ओळख ‘जगदंबा’ अशी आहे आणि ‘भवानी’ म्हणून साताऱ्याच्या राजघराण्यातील तलवार पूजिली जाते. दसऱ्याला ती जलमंदिर वाड्यातून मिरवणुकीने निघते आणि तिच्या दर्शनाला आजही गर्दी लोटते.