डोळे का शिणतात?

यू-डायसची माहिती संगणकावर भरून उठावे, तर डोळे चुरचुरतात, मधूनच पाणी येते, फळ्यावरची अक्षरे क्षणभर पुसट दिसतात. अनेक शिक्षकांना हा अनुभव येतो. दोष पडद्याच्या प्रकाशाचा, असे आपण धरून चालतो. खरी कारणे निराळी आहेत.

पहिले कारण पापणीचे. बुबुळासमोरच्या पारदर्शक पारपटलावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. त्यावरचे तेल बाष्पीभवन रोखते. दर वेळी पापणी मिटली की हा थर नव्याने सारवला जातो. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो; पडद्याकडे एकटक पाहताना ही संख्या निम्म्याहून खाली येऊ शकते. मग थर जागोजागी फाटतो. त्याची भरपाई म्हणून एकदम पाणी येते. म्हणजे पाणावलेला डोळा मुळात कोरडा असू शकतो! मे महिन्यात बीडचा पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी असते, आणि पंखा तोंडावर असतो. अशा हवेत ओले कापड किती लवकर वाळते ते आठवा. म्हणून पंख्याची दिशा बदलावी आणि पडदा नजरेच्या थोडा खाली ठेवावा. पापण्या खाली आल्या की डोळ्याचा उघडा भाग कमी होतो.

दुसरे कारण अंतराचे. जवळचे पाहताना भिंगाभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात व भिंग फुगीर होते. २५ सेंमी अंतरासाठी ४ डायऑप्टर, ५० सेंमीसाठी २, तर ६ मीटरसाठी जेमतेम ०.१७ डायऑप्टर जादा शक्ती लागते. मोबाइल नाकाजवळ धरला की स्नायूंचे काम दुप्पट झाले. पुस्तक तितकेच जवळ धरले तरी हेच होते. चाळिशीनंतर भिंग ताठर होत जाते, म्हणून तेव्हा त्रास वाढतो. मधूनमधून उठून दूर पाहिले, तर स्नायू सैलावतात आणि आखडलेली पाठही मोकळी होते. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो, असे मात्र २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले नाही.

मुलांची गोष्ट अधिक गंभीर आहे. त्यांचा नेत्रगोल अजून वाढत असतो. तो प्रमाणाबाहेर लांबला तर निकटदृष्टिता येते, आणि लांबलेला गोल पुन्हा आखूड होत नाही. चीनमधील ग्वांगझू येथे काही शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा मैदानावर नेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे ३० टक्के मुलांना निकटदृष्टिता आली. इतर शाळांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. वर्गात काही शे लक्स प्रकाश असतो, बाहेर दिवसा दहा हजारांहून अधिक. हा उजेडच गोलाची वाढ आवरतो, असे मानले जाते.

एक प्रयोग करून पाहा. मित्राशी गप्पा मारताना आणि नंतर मोबाइलवर वाचताना, एका मुलाच्या पापण्या मिनिटाला किती वेळा मिटतात ते दुसऱ्याने मोजावे. काय मोजतो आहोत, हे मात्र आधी सांगू नये. का, ते मुलांनाच विचारा.

फळ्यावरचे सोडून शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेणारे मूल दिसले, तर त्याचे डोळे तपासून घ्या. आणि अभ्यासक्रम मागे पडला म्हणून खेळाचा तास गणिताला देण्याआधी जरा थांबा. तो तास डोळ्यांचाही आहे.