राजालाही पुस्तक मिळाले नाही

1645 साल. इंग्लंडमध्ये यादवी पेटली होती आणि राजा पहिला चार्ल्स दरबारासह ऑक्सफर्डला राहत होता. त्याने विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयातून एक पुस्तक मागवले. ग्रंथपालाने नियम दाखवला: इथले पुस्तक बाहेर जात नाही, कोणासाठीही नाही. राजाने ते मुकाट मान्य केले. पुढे त्याचा शिरच्छेद झाला, सत्ता त्याच्या विरोधातला सेनानी क्रॉमवेल याच्या हाती आली. 1654 मध्ये त्यानेही पुस्तक मागून पाहिले, पण उत्तर तेच मिळाले.

पुस्तक हलणार नाही म्हटल्यावर वाचणाऱ्याची बैठक पुस्तकापाशीच हवी. सर टॉमस बॉडली यांनी 1602 मध्ये हे ग्रंथालय सुरू केले. त्याच्या सर्वांत जुन्या दालनात कपाटे भिंतीला काटकोनात, दोन खिडक्यांच्या मधे उभी आहेत. त्यामुळे प्रत्येक मेजावर दिवसाचा उजेड पडतो. तो उजेड फार मोलाचा होता, कारण आगीच्या भीतीने तेव्हा आत दिवाही नसे की शेगडीही नसे. ग्रंथालयात आग किंवा ज्योत आणणार नाही, अशी शपथ नव्या वाचकाला आजही घ्यावी लागते. मोठे ग्रंथ तेव्हा साखळीने बांधलेले असत. साखळी पुठ्ठ्याच्या उघड्या कडेला अडकवलेली, म्हणून पुस्तकाचा कणा आत आणि पानांची कड बाहेर!

1610 मध्ये बॉडलींनी लंडनच्या मुद्रक-विक्रेत्यांच्या संघाशी करार केला, की छापल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला फुकट मिळावी. आता तिथे तसा कायदाच आहे. मात्र नाटके आणि पंचांगे असला माल बॉडलींना स्वतःला नकोसा होता. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, 1623 मध्ये, शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला संग्रह छापला गेला आणि तोही करारानुसार आला. त्याची बांधणी झाली, साखळी लागली, विद्यार्थी वाचू लागले. चाळीसेक वर्षांनी नवी आवृत्ती आल्यावर जुनी प्रत जादा ठरवून विकून टाकली. 1905 मध्ये एक विद्यार्थी घरातले जुने पुस्तक घेऊन बांधणीबद्दल सल्ला विचारायला आला. तिथल्या जाणकारांनी बांधणी ओळखली, पुठ्ठ्यावरची साखळीची खूण ओळखली. तीच ती प्रत! एक अमेरिकन संग्राहक तिला 3000 पौंड द्यायला तयार होता. ग्रंथालयाजवळ एवढे पैसे नव्हते. वर्गणीचे आवाहन झाले आणि 1906 मध्ये प्रत परत आली. तिची सर्वांत झिजलेली पाने आहेत ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची. सतराव्या शतकातली ऑक्सफर्डची मुले काय वाचत होती, हे त्या झिजण्यावरून कळते. कोऱ्या करकरीत प्रतीने हे कधीच सांगितले नसते.

काहीच टाकायचे नाही म्हटले की जागा कुठून आणायची? आज छापील ऐवजच सव्वा कोटीच्या पुढे आहे. म्हणून 2010 मध्ये सुमारे 45 किलोमीटरवर, स्विंडनजवळ, एक प्रचंड गोदाम उभे राहिले. तिथल्या फळ्यांची एकूण लांबी जवळपास 245 किलोमीटर. पुस्तके लावली आहेत आकारानुसार, विषयाला तिथे काही किंमत नाही. खगोलशास्त्राशेजारी पाककृती बसली तरी चालते, कारण जागा बारकोडला ठाऊक असते. वाचक ऑक्सफर्डहून मागणी नोंदवतो, पुस्तक गाडीतून वाचनकक्षात येते, वाचून झाले की परत जाते. ज्याला वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही, त्याचीही निगा तितकीच राखली जाते, आणि मला सर्वांत थोर वाटते ते हेच.

आपल्याकडेही 1954 चा असाच कायदा आहे. प्रकाशकाने नव्या पुस्तकाच्या प्रती तीस दिवसांत कोलकाता, चेन्नई, दिल्ली आणि मुंबई इथल्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात; मुंबईतली सेंट्रल लायब्ररी हे त्यांतले एक. तुम्ही गावाचा इतिहास, आजीच्या ओव्या किंवा दिवाळी अंक पदरचे पैसे घालून छापत असाल, तर या प्रती पाठवायला विसरू नका. त्यातले पुढे कोणाला काय लागेल, हे आज तुम्हीही ठरवू शकत नाही आणि मीही नाही.