आधी मूळ नोंद, मग पीपीओ

लष्करी अधिकाऱ्याची सेवानोंद म्हणजे कुठेतरी कपाटात ठेवलेली एक जाडजूड फाइल, असा बहुतेक घरांत समज असतो. प्रत्यक्षात ती चार-पाच ठिकाणी विखुरलेली असते. भूदलातील अधिकाऱ्याचे कमिशन, सेवाकाल, लग्न, मुलेबाळे यांच्या नोंदी दिल्लीत, लष्करी मुख्यालयाच्या अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेत असतात. बढती आणि नेमणुका मिलिटरी सेक्रेटरी शाखा पाहते. पगाराचा हिशेब पुण्यात, अधिकाऱ्यांच्या प्रधान लेखा नियंत्रकांकडे असतो. पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, प्रयागराजहून निघतो. नौदलाच्या पेन्शनचे काम मुंबईत आणि हवाई दलाचे दिल्लीत चालते. एवढ्या टेबलांवरून माहिती उतरवली जात असताना एखादी तारीख किंवा नाव चुकणे अजिबात अवघड नाही.

दोन शाखांच्या दोन नोंदी वेगळ्या असू शकतात, हे देशाने जनरल व्ही. के. सिंग यांच्या प्रकरणात पाहिले. अ‍ॅडज्युटंट जनरल शाखेत त्यांची जन्मतारीख १० मे १९५१ होती आणि मिलिटरी सेक्रेटरी शाखेत १० मे १९५०. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर १९५१ आणि एनडीएच्या प्रवेशअर्जावर १९५०, असा तो मूळचा घोळ. २०१२ मध्ये लष्करप्रमुख असताना ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारीला न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्या खंडपीठापुढे त्यांनी याचिका मागे घेतली आणि ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. खरी जन्मतारीख कोणती हे ठरवण्याचा प्रश्न आपल्यापुढे नाही, नोंदीत कोणती तारीख मानली गेली हा प्रश्न आहे, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले होते. निवृत्त अधिकाऱ्याने त्यातून एवढे घ्यावे की स्वतःची जन्मतारीख बदलून मागण्याची वेळ नोकरीच्या सुरुवातीची असते. निवृत्तीनंतर त्या मागे लागून फारसे हाती लागत नाही. मूळ नोंद बरोबर असेल आणि ती पुढे उतरवताना कारकुनी चूक झाली असेल, तर मात्र तिची दुरुस्ती खुशाल मागावी.

चूक कुठे शिरली हे शोधायचे तर माहितीचा प्रवास समजून घ्यावा लागतो. सेवेत असताना लग्न, अपत्याचा जन्म, बदली, रजा, बढती अशा प्रत्येक गोष्टीची पार्ट टू ऑर्डर निघते. युनिटने ती काढली की तिच्या आधारे मुख्यालयात आणि पुण्यात नोंद होते. निवृत्तीच्या वेळी पुण्याचे कार्यालय शेवटच्या पगाराचे प्रमाणपत्र आणि डेटा शीट तयार करते. त्यात हुद्दा, सेवाकाल, पत्नीचे नाव, जन्मतारखा हे सगळे येते. डेटा शीटवरून प्रयागराजला पीपीओ बनतो, आणि आता तीच माहिती 'स्पर्श' या संगणकप्रणालीत दिसते. म्हणून स्पर्शवर नाव चुकलेले दिसले की तेवढेच दुरुस्त करून मागण्याची घाई करू नये. आधी डेटा शीट पाहावी, मग पार्ट टू ऑर्डर. जिथे पहिल्यांदा चुकले तिथे दुरुस्ती झाली तरच ती खालपर्यंत टिकते. पार्ट टू ऑर्डरमध्ये चूक तशीच ठेवून पीपीओ बदलून घेतला, तर पुढच्या पडताळणीत जुनेच नाव पुन्हा वर येण्याचा धोका राहतो.

आणखी एक फरक सुरुवातीलाच मनाशी पक्का करावा. नोंदीतली चूक निराळी आणि न पटलेला निर्णय निराळा. रिलीज मेडिकल बोर्डाने अपंगत्व वीस टक्के ठरवले आणि पीपीओवर ते दहा टक्के छापले गेले, तर ती चूक आहे. दुरुस्तीचा अर्ज पुरे. पण तो आजार सेवेमुळे झाला नाही असे बोर्डाने म्हटले असेल, तर तो निर्णय आहे आणि त्याविरुद्ध अपीलच करावे लागते. या दोन गोष्टी एकाच अर्जात घातल्या की साधी चूकही अपिलाच्या फाइलला जोडली जाऊन पडून राहते.

पैशाच्या दृष्टीने सर्वांत जड चूक सेवाकालाची. विशेषतः जवान म्हणून भरती होऊन, आर्मी कॅडेट कॉलेजमार्गे कमिशन मिळवलेल्या अधिकाऱ्यांनी हे तपासावेच. समजा, पाच वर्षे जवान म्हणून आणि पुढे चोवीस वर्षे चार महिने अधिकारी म्हणून सेवा झाली. जवानपणीचा काळही पेन्शनसाठी धरला जातो. तो सुटला, तर कागदावर एकोणतीस वर्षे चार महिन्यांऐवजी चोवीस वर्षे चार महिनेच उरतात. समान हुद्दा, समान पेन्शन योजनेचे तक्ते हुद्दा आणि सेवाकाल यांवर बेतलेले आहेत आणि सेवाकाल त्यात अर्ध्या-अर्ध्या वर्षाने मोजतात. उरलेले महिने तीन किंवा त्याहून अधिक असले तर अर्धे वर्ष धरले जाते. पाच वर्षे गळाली की माणूस तक्त्यात दहा ओळी खाली येतो.

जवानपणीच्या सेवेचा पुरावा दिल्लीच्या फाइलमध्ये नसेल, तर तो ज्या रेजिमेंटमध्ये जवान म्हणून भरती झाली तिच्या रेकॉर्ड ऑफिसात शोधावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला आणि गार्ड्सचे कामठीला आहे. तिथल्या शीट रोलमध्ये भरतीची तारीख आणि सुटकेची तारीख असते. कमिशन, बढत्या आणि निवृत्ती यांसाठी भारताच्या राजपत्राचा भाग १, विभाग ४ चाळावा. संरक्षण मंत्रालयाच्या या अधिसूचना तिथे छापल्या जातात. त्या काळी, वाद उद्भवण्याच्या आधी छापलेला कागद कोणतेही कार्यालय सहसा नाकारत नाही. आज केलेले प्रतिज्ञापत्र त्याच्यापुढे फिके पडते.

महाराष्ट्रातल्या घरांत सगळ्यांत जास्त आढळणारी अडचण मात्र पत्नीच्या नावाची आहे. लग्नात मुलीचे नाव बदलायची आपल्याकडे रीत होती. १९७५ च्या सुमारास निघालेल्या पार्ट टू ऑर्डरमध्ये माहेरचे 'सुमन', आधारवर सासरचे 'सुनंदा', पॅनकार्डावर नुसते आद्याक्षर आणि बँकेत आडनाव आधी. जन्मतारखेची तीच गत. शाळेत मास्तरांनी १ जून लिहिलेली, आधारवर १ जानेवारी पडलेली. नवरा हयात असेपर्यंत यातले काहीच अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी 'सुमन' आणि 'सुनंदा' एकच, हे सिद्ध करण्याचे ओझे वयाच्या सत्तरीतल्या बाईवर येते. शिवाय ८० व्या वर्षी मूळ पेन्शनवर २० टक्के आणि ८५ व्या वर्षी ३० टक्के वाढ मिळते, शंभरी गाठली तर पेन्शन दुप्पट होते. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे, म्हणजे जन्मसाल दोन वर्षांनी चुकले तर वाढही दोन वर्षे लांबते.

इथे कोणता कागद बदलायचा हे नीट विचार करून ठरवावे. सेवानोंद बरोबर असेल तर आधार दुरुस्त करणे सोपे. पण नेहमीच्या पद्धतीने आधारवरचे नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून अंदाजाने हात लावू नये. सेवानोंदच चुकली असेल तर प्रतिज्ञापत्र, वृत्तपत्रातली जाहीर नोटीस, राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी आणि लग्नाचा दाखला एवढी तयारी ठेवून मुख्यालयाकडे जावे. हे कागद जुळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करते. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

अर्ज इंग्रजीत जातो, पण त्याचा सांगाडा साधा ठेवावा. वर पर्सनल नंबर, शेवटच्या अक्षरासकट. पहिल्या परिच्छेदात: 'माझ्या पीपीओवर पात्र सेवा २४ वर्षे ४ महिने दाखवली आहे. ती २९ वर्षे ४ महिने हवी.' दुसऱ्यात: 'फरकाचे कारण अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची जवान म्हणून केलेली सेवा, शीट रोलची प्रत सोबत.' तिसऱ्यात: 'मूळ नोंद दुरुस्त करून सुधारित डेटा शीट आणि सुधारित पीपीओ काढावा.' बस्स. शौर्याचा इतिहास, झालेला मनस्ताप, दुसऱ्या तक्रारी यांतले काहीही घालू नये. एका चुकीला एक अर्ज. स्पर्शवर तक्रार नोंदवली तरी हाच मजकूर टपालाने पाठवून पोच जपावी.

स्वतःची मूळ नोंदच हाती नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली ती मागावी. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कायद्याने तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो. 'माझी पेन्शन कमी का?' असे विचारू नये, कारण हा कायदा कागद देतो, कारणे शोधून देत नाही. 'माझ्या लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रत द्यावी' असे नेमके मागावे.

अर्ज फेटाळला गेला किंवा उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईतही आहे. अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत तिथे जावे लागते. उत्तर न आल्यास अर्जानंतरचे सहा महिने सोडून पुढे एक वर्ष मिळते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. तरसेम सिंग प्रकरणात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेन्शनचा अन्याय दरमहा चालू राहतो हे मान्य केले, मात्र थकबाकी दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. तरसेम सिंग १९८३ मध्ये सेवेतून बाहेर पडले होते आणि दावा १९९९ मध्ये केला होता. मधली बरीच वर्षे कायमची गेली.

म्हणून निवृत्त अधिकाऱ्यांना विनंती आहे: पीपीओ, आधार, पॅन आणि बँकेचे पासबुक पत्नीबरोबर बसून याच आठवड्यात शेजारी-शेजारी लावून पाहा. नाव, जन्मतारीख आणि सेवाकाल या तीन गोष्टी अक्षर न अक्षर जुळतात का ते तपासा. जुळत नसतील तर अर्ज तुमच्या सहीने जाऊ द्या. तुमच्या मागे तोच अर्ज करताना घरच्यांना कितीतरी जास्त कागद जोडावे लागतात.